पीएचडीचा गाइड: दोघांतून एक कसा निवडायचा, आणि पुढे काम कसं चालवायचं?

रुजुवात

नमस्कार मंडळी. मटेरियल सायन्समध्ये पीएचडीला प्रवेश मिळालाय. महिनाभरात गाइडचं नाव कळवायचंय आणि माझं घोडं दोन नावांपाशी अडलंय.

एक बडे प्राध्यापक आहेत. ११ विद्यार्थी, ३ पोस्टडॉक (पीएचडीनंतर काही वर्षं संशोधनासाठी नेमलेले), पेपर भरपूर, हवी ती उपकरणं लॅबमध्येच. पण विद्यार्थ्यांचं रोजचं काम पोस्टडॉकच बघतात असं ऐकलंय. दुसऱ्या मॅडम दोन वर्षांपूर्वी रुजू झाल्या. त्यांच्याकडे सध्या एकच विद्यार्थी. विषय मला त्यांचाच जास्त पटतो, पण लॅब अजून उभी राहतेय.

दोघांची चौकशी नेमकी कशी करायची? प्रत्यक्ष भेटीत काय काय विचारलेलं चालतं? आणि नाव दिल्यावर मीटिंग, ड्राफ्ट, पेपरवरच्या नावांचा क्रम हे कसं ठरवून घ्यायचं? 'स्वभाव जुळतो का बघ' हा सल्ला सगळ्यांनी देऊन झालाय, त्यापुढचं सांगा.

मापनदोष

चौकशी प्रबंधांपासून सुरू करा, पेपरांची यादी नंतर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साठ्यात किंवा प्रोक्वेस्ट, शोधगंगा अशा ऑनलाइन प्रबंधसंग्रहांत गाइडचं नाव टाकून गेल्या दहा वर्षांतले प्रबंध काढा. एक साधी शीट करा: विद्यार्थ्याचं नाव, प्रवेशाचं वर्ष, प्रबंधाचं वर्ष, पहिल्या लेखकाच्या जागी नाव असलेले पेपर किती, त्यातला पहिला कधी आला. प्रवेशाचं वर्ष बहुतेकदा लिंक्डइनवर सापडतं, नाहीतर जुन्या लॅब-पानावर. सरासरी काढू नका, मधली किंमत बघा (लागलेली वर्षं चढत्या क्रमाने लावून मधोमध येते ती). एखादा हुशार विद्यार्थी चार वर्षांत सुटतो आणि सगळा हिशेब गोड दिसायला लागतो.

पण या शीटमध्ये एक मोठी खोट आहे. सोडून गेलेल्यांचा प्रबंध नसतोच, म्हणून ते यात दिसणारच नाहीत. त्यासाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात) लॅबचं पान चार-पाच वर्षांपूर्वीच्या तारखेला उघडा आणि तेव्हाची नावं आजच्या यादीशी ताडून बघा. जे गायब आहेत आणि ज्यांचा प्रबंधही नाही, त्यांच्याशी बोलणं सर्वांत मोलाचं. (प्रबंध सापडला नाही म्हणजे माणूस सुटला नाही असं लगेच धरू नका. पेटंट किंवा पुस्तकासाठी काही प्रबंध वर्ष-दोन वर्षं बंद ठेवतात.) एखाद-दुसरा सोडून जाणं सगळीकडे असतं. तिघे-चौघे साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास गेलेले दिसले, तर त्या टप्प्यावर त्या लॅबमध्ये काय होतं ते शोधा.

आता पेपर. प्रायोगिक विषयात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा लॅबप्रमुखाचं. बड्या सरांच्या गेल्या तीन वर्षांच्या पेपरांत पहिल्या जागी सगळे पोस्टडॉक आणि विद्यार्थी मधल्या गर्दीत असतील, तर विद्यार्थ्यांचे हात वापरले जातायत, प्रश्न त्यांचा नाही. हा नियम गणितात किंवा थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्समध्ये लावू नका, तिथे नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्येही एकदा नाव टाका, तो २०२३पासून क्रॉसरेफमार्फत सगळ्यांना खुला आहे. पेपर मागे घेतलेला दिसला तर कारण वाचा. स्वतःची चूक सापडल्यावर लेखकांनी आपणहून मागे घेतला असेल तर ती उलट जमेची बाजू. एकच प्रतिमा दोन पेपरांत वेगवेगळ्या नमुन्यांच्या नावाने वापरली म्हणून घेतला असेल, तर लांब राहा.

११ विद्यार्थ्यांची भीती आकड्यात मोडून बघा. विद्यार्थी आणि पोस्टडॉक मिळून १४ जणांना पंधरवड्यातून एकेक तास द्यायचा तर आठवड्याचे ७ तास होतात. अशक्य नाही, पण शिकवणं, समित्या आणि दौरे धरून हे खरंच घडतं का, ते विद्यार्थीच सांगतील. पोस्टडॉकने रोजचं काम बघणं वाईट नाही, पुष्कळदा प्रयोगातली बारीक कसब त्यालाच जास्त येते. घोडं पेंड खातं ते पुढे: पोस्टडॉक दोन-तीन वर्षांत निघून जातो. तुमच्या प्रबंधाची अर्धी माहिती ज्याच्या डोक्यात आहे तो गेल्यावर कोण बघणार, हे सरांनाच विचारा.

मॅडमच्या बाबतीत प्रश्न उपकरणांचा. 'फर्नेस येतेय' या एका वाक्यात चार वेगळ्या अवस्था लपलेल्या असतात: पैसे मंजूर झालेत, ऑर्डर गेलीय, खोके आलेत, नमुना चालवून झालाय. यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते विचारा. खोके आल्यावरही वायूची लाइन, चिलर, एक्झॉस्ट आणि सुरक्षेची परवानगी यात महिने जातात. तोवर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) सामायिक केंद्रात करायचं असेल तर आठवड्याला किती तासांचा स्लॉट मिळतो आणि प्रशिक्षणासाठी किती थांबावं लागतं, हेही. पहिल्या विद्यार्थ्यांचं वर्षभर लॅब उभी करण्यात जातं हे गृहीत धरूनच ठरवा. बदल्यात गाइड उपकरणापाशी तुमच्या शेजारी उभी असते, आणि ते बड्या लॅबमध्ये मिळत नाही.

टाचणवही

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. माणसांशी बोलण्याबद्दल मी लिहिते.

विद्यार्थ्यांना 'सर कसे आहेत?' विचारलं की 'चांगले आहेत' हेच उत्तर येणार. मत विचारू नका, घडलेलं विचारा. शेवटचा ड्राफ्ट कधी दिला, कधी परत आला, परत आला तेव्हा त्यावर काय लिहिलेलं होतं? शेवटची ठरलेली मीटिंग झाली का, नसेल तर कोणी रद्द केली? प्रयोग सलग दोन महिने फसला तेव्हा सर काय म्हणाले? पेपरवरचा क्रम लिहिण्याआधी ठरतो की पाठवायच्या आदल्या रात्री? कॉन्फरन्सला विद्यार्थी स्वतः सादर करतात की काम विद्यार्थ्याचं आणि व्यासपीठ सरांचं?

हे एकेकट्याला विचारा आणि समोरासमोर किंवा फोनवर विचारा. गाइडविरुद्ध मेलमध्ये कोणी काही लिहून देत नाही, आणि लॅबच्या चारचौघांत तर नाहीच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं नव्याचे नऊ दिवस चाललेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या वर्षापुढच्या किमान दोघांशी आणि बाहेर पडलेल्या एकाशी बोला. शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: 'यांच्याकडे कोणत्या प्रकारचा विद्यार्थी टिकत नाही?' यावर गाइडची निंदा करावी लागत नाही, म्हणून लोक मोकळेपणाने बोलतात आणि खरं सांगतात.

गाइडच्या भेटीत पुढचे प्रश्न विचारलेले अजिबात उद्धट दिसत नाहीत:

मी आले तर पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हातात नेमकं कोणतं काम असेल?
प्रबंध पुरेसा झाला असं तुम्ही कशावरून ठरवता?
प्रकरण वाचायला साधारण किती दिवस लागतात?
माझा पैसा कोणत्या प्रकल्पातून येणार, आणि तो प्रकल्प कधी संपतो?
येत्या पाच वर्षांत मोठी रजा, निवृत्ती किंवा दुसरीकडे जाण्याचा विचार आहे का?

शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, कबूल. मॅडमच्या बाबतीत त्याला वेगळा अर्थ आहे: त्या कायम होणार की नाही याचा निर्णय तुमच्या पीएचडीच्या मध्यावरच लागू शकतो. 'तसं झालं तर माझी सोय काय?' हे सरळ विचारा. ज्यांनी याचा विचार केलेला असतो त्यांच्याकडे उत्तर तयार असतं, एखाद्या सहकाऱ्याचं नावही असतं.

उत्तरात तपशील किती येतो ते बघा. 'दोन आठवडे लागतात, सत्राच्या शेवटी तीन' हे उत्तर झालं. 'ते आपण बघू, तू काम सुरू तर कर' हे उत्तर नव्हे.

तळटीप

लॅबवाल्यांचा धागा दिसतोय, पण इतिहास-साहित्य-समाजशास्त्रवाले इथे वाचत असतील तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. आपल्याकडे गाइडचं नाव लेखावर सहसा नसतंच, त्यामुळे नावांचा क्रम बघून काही कळत नाही. प्रकल्पाच्या पैशातून नेमणूकही क्वचित. आपल्याकडे गाइड दोनच गोष्टींनी मोजावा: वाचतो का, आणि दारं उघडून देतो का. दारं म्हणजे खासगी कागदपत्रांचा संग्रह, एखाद्या संस्थेचं दप्तर, मुलाखतीला तयार होणारी माणसं, आणि बाहेरचे परीक्षक.

त्याच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध घेऊन ऋणनिर्देश आणि पहिलं प्रकरण वाचा. ऋणनिर्देशात गाइडचे आभार सगळेच मानतात. 'तिसऱ्या प्रकरणाची मांडणी त्यांच्या आक्षेपामुळे बदलली' असं काही नेमकं आहे का बघा. आणि सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध एकाच साच्याचे, एकाच सैद्धांतिक चौकटीचे, फक्त जिल्हा नाहीतर दशक बदललेलं असे दिसले, तर तुमचाही तसाच होणार.

आणखी एका बाबतीत आमचं वेगळं. विषय की गाइड असा पेच पडला तर आमच्याकडे विषय आधी. लॅबमध्ये विषय थोडा सरकवता येतो, कारण तंत्र तेच राहतं. मोडी न वाचणारा गाइड मोडी कागदांवरचा प्रबंध तपासू शकत नाही, मग तो कितीही भला असो.

रुजुवात

खूप आभार. शीट केली. बड्या सरांकडे मधली किंमत साडेपाच वर्षं येतेय, आणि वेबॅकवर दोन नावं गायब दिसली. त्यांच्यापैकी एकीशी उद्या बोलणार आहे.

मॅडम म्हणाल्या की सरांना को-गाइड घेता येईल, म्हणजे उपकरणांचा प्रश्न मिटेल. हे चांगलं की दोन दगडांवर पाय? आणि पेपरच्या नावांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

अक्कलखाते

को-गाइडची रचना चालते, एका अटीवर: दोघांत शेवटचा शब्द कोणाचा हे प्रत्येक प्रकरणापुरतं आधी ठरलेलं हवं. सह्या दोघांच्या लागतात, आणि एकाने पंधरा दिवस लावले की दुसऱ्याचे पंधरा दिवस त्यावर चढतात. म्हणून ड्राफ्ट दोघांना एकाच वेळी पाठवू नका. आधी मुख्य गाइडकडून मांडणी पक्की करा, मग दुसऱ्याकडे त्याच्या तंत्रापुरता भाग द्या. दोघांच्या सूचना एकमेकींच्या विरुद्ध आल्या तर निरोप्या होऊ नका. दोन्ही सूचना एका मेलमध्ये एकाखाली एक लिहा, खाली स्वतःचा कल लिहा आणि मेल दोघांना पाठवा. शक्यतो दर तीन महिन्यांनी तिघांची एकत्र बैठक लावा. तुमच्या बाबतीत सरांचा रस कागदावरच राहण्याचा धोका आहे, तेव्हा त्यांच्या लॅबमधला उपकरणांचा वेळ 'को-गाइड आहेत म्हणजे मिळेलच' असं न धरता आठवड्याला किती तास ते ठरवून घ्या.

पेपरच्या नावांबद्दल. आयसीएमजेई ही वैद्यकीय संपादकांची समिती लेखक कोणाला म्हणावं यासाठी ४ निकष सांगते आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत भाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. नुसता निधी आणणं किंवा नुसती सर्वसाधारण देखरेख यावर लेखकपद मिळत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. निकष वैद्यकाचे असले तरी इतर विषयांतली पुष्कळ नियतकालिकंही तेच मानतात. याशिवाय 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे: संकल्पना, पद्धती, मापन, डेटा सांभाळणं, पहिला मसुदा, वगैरे. पेपरची पहिली आकृती तयार झाली की ही यादी एका पानावर घ्या, प्रत्येक भूमिकेपुढे नाव लिहा आणि गाइडला दाखवा. 'माझं नाव पहिलं हवं' म्हणण्यापेक्षा 'मी ही यादी भरलीय, बरोबर आहे का?' हे म्हणायला सोपं जातं. पुढे काम बदललं तर यादी बदलते, भांडण होत नाही. निदान कमी होतं.

पानपूर्ती

मीटिंग आणि ड्राफ्टचं मी सांगतो, कारण निवड चांगली होऊनही पुष्कळ पीएचड्या इथेच रखडतात.

मीटिंगच्या आदल्या दिवशी अर्ध्या पानाची टाचणं पाठवा: मागच्या वेळी ठरलेलं काय झालं, नवी आकृती एक किंवा दोन, आणि आज ज्यावर निर्णय हवाय ते प्रश्न. प्रश्न जास्तीत जास्त तीन. 'पुढे काय करू?' हा प्रश्न नेऊ नका. 'अ करू की ब? माझा कल अ कडे आहे, कारण हे' असा न्या. मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल:

'मॅडम, आजच्या बोलण्यातून एवढं टिपलंय. ४५० आणि ५०० अंशांचे नमुने पुन्हा करायचे, ५५० सध्या थांबवायचा. आकृती ३ मधले एरर बार तीन वेगळ्या नमुन्यांवरून काढायचे, एकाच नमुन्याच्या तीन मापनांवरून नाहीत. प्रकरण २ तुमच्याकडे आहे, १४ तारखेपर्यंत. काही चुकलं असल्यास सांगा.'

एवढंच. वर्षभराने 'हे मी कधी सांगितलं?' असं झालं की हा मेल कामी येतो. त्याहून जास्त उपयोग म्हणजे तुम्ही चुकीचं समजलात तर दुसऱ्याच दिवशी कळतं, महिन्याभराच्या मापनांनंतर नाही.

पेपर लिहिताना आधी आकृत्या द्या. पाच-सहा आकृत्या क्रमाने, प्रत्येकीखाली दोन ओळींची कॅप्शन, मजकूर शून्य. गाइडला हा क्रम पटला की लेखन भराभर होतं. वीस पानं लिहून दिल्यावर 'आकृती ४ आधी हवी होती' म्हटलं तर सगळं लेखन उलटंपालटं होतं. ड्राफ्ट देताना काय तपासायचं ते लिहून द्या: 'या वेळी फक्त ३.२ मधला युक्तिवाद बघा, भाषा पुढच्या फेरीत.' नाही लिहिलं तर गाइड पहिल्या दोन पानांतले स्वल्पविराम दुरुस्त करून दमतो आणि युक्तिवाद तसाच राहतो. दुसऱ्या फेरीला बदल दिसतील अशी प्रत द्या. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस, लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीत लाटेकडिफ. फाइलच्या नावात तारीख पुढे ठेवा, वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. 'फायनल_नवीन_खरंचफायनल' मधून तिघांपैकी कोणी कुठली उघडली हे देवालाही कळत नाही.

ठरलेली तारीख उलटून दोन दिवस गेले की एक ओळीची आठवण द्या. 'सोमवारपर्यंत बदल नसेल तर असाच पाठवते' ही युक्ती कॉन्फरन्सच्या गोषवाऱ्याला चालते, तीही आधी तसं ठरलं असेल तरच. पेपरला कदापि नाही. सगळ्या लेखकांच्या संमतीशिवाय पेपर पाठवणं हा गैरव्यवहारच.

मापनदोष

@पानपूर्ती, मीटिंगनंतरचा मेल काही जुन्या गाइडना खटकतो, कोणी कोर्टाची नोंद ठेवतंय असं वाटतं. तिथे मेलऐवजी एकच सामायिक दस्तऐवज ठेवावा, नव्या मीटिंगची नोंद सर्वांत वर. काम तेच होतं.

रुजुवात, विषयाची आखणी करताना एक सांभाळा. प्रकरण २ चालल्याशिवाय ३ नाही आणि ३ शिवाय ४ नाही अशी साखळी करू नका. नव्या लॅबमध्ये तर नाहीच. एक प्रकरण असं ठेवा जे सामायिक केंद्रातल्या उपकरणांवर आणि बाजारात तयार मिळणाऱ्या नमुन्यांवर पूर्ण होईल. फर्नेस वर्षभर अडकली तरी हाताला काम राहतं.

तळटीप

आणि कोणी बोलत नाही ते मीच बोलतो: गाइड बदलावा लागला तर? हे नाव देण्याआधीच वाचून ठेवावं, म्हणजे नंतर धांदल होत नाही.

विद्यापीठाच्या नियमांत गाइड बदलण्याचं कलम शोधा. कोणाच्या सहीने होतं, किती मुदतीत, आधीची वर्षं धरतात का. प्रत्यक्ष वेळ आली तर क्रम महत्त्वाचा: आधी तुम्हाला घ्यायला तयार असलेला दुसरा प्राध्यापक, मग विभागातला पीएचडीचा समन्वयक, आणि मग सध्याचा गाइड. क्रम उलटला तर मधल्या काळात तुम्ही कोणाचेच नसता. अर्जात 'संशोधनाची दिशा बदलल्याने' एवढंच कारण पुरतं. छळ, दमदाटी, पैशाची मागणी असा प्रकार असेल तर मात्र ती तक्रार तक्रार समितीकडे स्वतंत्र द्यायची, गाइडबदलाच्या अर्जात गुंडाळायची नाही.

जाण्याआधी कोणता डेटा नेता येईल आणि अर्धवट पेपरांचं काय, हे लेखी घ्या. लॅबमधला डेटा आणि प्रयोगवह्या बहुतेक ठिकाणी संस्थेच्या मालकीच्या असतात. प्रत मिळते, मूळ वही नाही, आणि प्रतही मागूनच घ्यायची, गुपचूप नाही. गाइडच दुसऱ्या संस्थेत गेला तर तीन वाटा असतात: सोबत जाणं, इथेच राहून स्थानिक गाइड जोडून घेणं, किंवा पूर्ण बदल. अर्धा प्रबंध झालेला असेल तर मधली वाट बहुधा बरी पडते, कारण नव्या विद्यापीठात नोंदणी आणि अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून करावा लागू शकतो.

रुजुवात

उद्या ज्या सोडून गेलेल्या विद्यार्थिनीशी बोलायचंय, तिला पहिलाच प्रश्न 'का सोडलं?' असा विचारू का?

टाचणवही

नको. 'तिसऱ्या वर्षी तुझं काम कुठपर्यंत आलं होतं आणि तेव्हा आठवड्यात कोणाशी बोलणं व्हायचं?' इथून सुरू कर. कारण ती आपणहून सांगेल, नाही सांगितलं तरी हरकत नाही. आणि फोन ठेवण्याआधी तिचं नाव कुठेही येणार नाही असा शब्द दे, आणि तो पाळ. मॅडमपाशीसुद्धा.